रत्नागिरी जिल्ह्याचा थरांचा लाकडी नकाशा: सह्याद्री उत्तम, सडा हरवलेला

कोकणातल्या शाळांमध्ये भूगोल शिकवताना एक अडचण वर्षानुवर्षे तशीच आहे. पुस्तकात महाराष्ट्राचे तीन प्राकृतिक विभाग दिलेले असतात: कोकण किनारपट्टी, सह्याद्री आणि पठार. नकाशात कोकण हिरव्या रंगाने रंगवलेले असते आणि हिरवा म्हणजे सखल, असे सूचीत लिहिलेले असते. हे वाचणारा मुलगा मात्र रोज घाटी उतरून शाळेत येतो, दोन वहाळ ओलांडतो आणि संध्याकाळी तीच चढण चढून वाडीवर परततो. त्याला आपला प्रदेश सपाट पट्टीसारखा कधीच दिसलेला नसतो. म्हणूनच जिल्ह्यातल्याच एका लहान कार्यशाळेने रत्नागिरी जिल्ह्याचा लाकडी उठाव नकाशा, म्हणजे उंचसखलपणा थरांनी दाखवणारा नकाशा, तयार केल्याचे कळले, तेव्हा शाळेसाठी तो लगेच मागवला. पावसाळ्याआधीपासून हा नकाशा वर्गात टांगलेला आहे, मुलांनी तो भरपूर हाताळला आहे, आणि आता त्याच्याविषयी सविस्तर लिहिता येईल असे वाटते.

नकाशा साधारण तीन फूट उंच आणि दीड फूट रुंद आहे. प्रमाण एकास दोन लाख, म्हणजे नकाशावरचा एक सेंटिमीटर जमिनीवरचे दोन किलोमीटर. तळाशी समुद्राची निळी फळी असून तिच्यावर तीन मिलिमीटर जाडीच्या प्लायवुडचे पंधरा थर एकावर एक चिकटवलेले आहेत. प्रत्येक थर शंभर मीटर उंचीचा. थरांच्या कडा लेझर यंत्राने समोच्च रेषांबरहुकूम, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांप्रमाणे, कापलेल्या आहेत आणि कापताना जळून काळ्या झालेल्या त्या कडा मुद्दाम तशाच ठेवल्यामुळे प्रत्येक उंचीची रेषा लांबूनही स्पष्ट दिसते. उत्तरेला बाणकोटची खाडी, दक्षिणेला विजयदुर्गाची, पश्चिमेला समुद्र आणि पूर्वेला जिल्ह्याची हद्द ओलांडून घाटमाथ्याचा बराच भाग, असा हा आयत आहे. त्यामुळे ईशान्य कोपऱ्यात 1438 मीटर उंचीचे महाबळेश्वर येते आणि तोच नकाशावरचा सर्वांत उंच थर. किंमत साडेचार हजार रुपये. शाळेला ती थोडी जड वाटते, पण कामाची सफाई पाहता अवाजवी नाही.

उठाव नकाशा पाहताना उभ्या आणि आडव्या प्रमाणातला फरक आधी समजून घ्यावा लागतो, कारण त्यावाचून नकाशा फसवतो. एकास दोन लाख हेच प्रमाण उंचीलाही लावले असते, तर महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून जेमतेम सात मिलिमीटर वर आले असते आणि अख्खा सह्याद्री बोटाला कळला नसता. म्हणून इथे उंची सुमारे सहापट वाढवलेली आहे. अशी वाढ करणे रीतीचेच आहे आणि गरजेचेही. पण ही गोष्ट नकाशावर कुठेही छापलेली नाही, ती सोबतच्या पुस्तिकेत शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत आहे. मुलांना ती पहिल्याच दिवशी सांगावी, नाहीतर कुंभार्ली घाट भिंतीसारखा सरळ उभा आहे असाच त्यांचा समज होतो. आम्ही वर्गात एक साधा प्रयोग केला. चिपळूणपासून घाटमाथ्यापर्यंतचा छेद वहीत आधी नकाशावरच्या उंचीप्रमाणे काढला आणि त्याच्याखाली खऱ्या प्रमाणात. दोन्ही आकृत्या शेजारी आल्यावर कडा म्हणजे काय, उतार म्हणजे काय, हे मुलांना एका तासात जितके कळले तितके व्याख्यांनी कधी कळले नव्हते.

या नकाशाचे खरे सामर्थ्य पूर्वेकडच्या भागात आहे. सह्याद्री कोकणाच्या बाजूने कसा तुटलेला आहे आणि देशाच्या म्हणजे पठाराच्या बाजूने कसा हलके हलके उतरत जातो, हे थरांच्या रचनेत फार चांगले उतरले आहे. पश्चिमेला पाच-सहा थरांच्या काळ्या कडा एकमेकींना अक्षरशः चिकटून येतात आणि पूर्वेला त्याच कडा बोटभर अंतराने विरळ होत जातात. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी भेगांतून उसळलेल्या लाव्ह्याचे थर एकावर एक साचून हा बेसाल्टचा प्रदेश तयार झाला. पुढे भारताचा पश्चिम किनारा तुटून वेगळा झाला आणि त्या तुटीपासून नद्यांनी कडा कुरतडत कुरतडत पूर्वेकडे मागे सरकवला, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. त्यात तुटीचा वाटा किती आणि झिजेचा किती, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. पुस्तिकेत हा सगळा भाग नेमका, सोप्या भाषेत आणि उगाच नाट्य न आणता लिहिला आहे, त्याबद्दल लिहिणाऱ्याचे मनापासून कौतुक करावेसे वाटते. लाकडाचे थर आणि लाव्ह्याचे थर यांचा संबंध मात्र शिक्षकाने जपून सांगावा. नकाशातला प्रत्येक थर म्हणजे लाव्ह्याचा एक प्रवाह, असे मुले लगेच धरून चालतात. प्रत्यक्षात प्रवाहांची जाडी ठिकठिकाणी वेगळी असते आणि शंभर मीटर हा टप्पा केवळ नकाशाच्या सोयीसाठी घेतलेला आहे.

पाणलोटाची रेषा, म्हणजे पावसाचे पाणी पूर्वेला आणि पश्चिमेला वेगळे करणारी रेषा, तांबड्या रंगाने कोरलेली आहे. या एका रेषेसाठी मी कार्यशाळेला पैकीच्या पैकी गुण देईन. बोट त्या रेषेवरून उत्तरेकडून दक्षिणेकडे फिरवत नेले की पूर्वेला कोयना लागते. महाबळेश्वराच्या डोंगरात उगम पावलेली ही नदी घाटमाथ्याला समांतर अशी सरळ दक्षिणेला वाहते, हेळवाकजवळ पूर्वेला वळते आणि कऱ्हाडला कृष्णेला मिळते. तिचे पाणी मग अख्खे दख्खन ओलांडून बंगालच्या उपसागरात जाते. तांबड्या रेषेच्या पलीकडे काही किलोमीटरवर पडलेला पाऊस मात्र वाशिष्ठीत उतरतो आणि शंभर किलोमीटरच्या आत अरबी समुद्र गाठतो. कोयना धरणाचा शिवसागर जलाशय आणि कोकणचा कडा यांच्यामध्ये नकाशावर किती थोडे लाकूड आहे, हे पाहिले की कोयनेचे पाणी बोगद्यातून पोफळी गावाला खाली सोडून वीज करण्याची कल्पना कुठून सुचली असेल हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. ते पाणी वीज तयार करून पुन्हा कृष्णेकडे जात नाही, वाशिष्ठीतच येते. ही गोष्ट चिपळूणच्या माणसाला पाठ असते, पण नकाशावर तिची खूण नाही. बोगद्याची एक तुटक रेषा कोरली असती तर कोयना आणि वाशिष्ठी या दोन नद्यांचे हे मानवनिर्मित नाते डोळ्यांना दिसले असते.

मुख्य रांगेपासून पश्चिमेला सुटलेल्या सोंडाही सुंदर साधल्या आहेत. खेड तालुक्यात मुख्य सह्याद्रीला समांतर जाणारी महिपतगड, सुमारगड आणि रसाळगडाची रांग वेगळी उठून दिसते. मुंबई-गोवा महामार्गाला कशेडी, भोस्ते, परशुराम असे घाट एकामागून एक का लागतात, याचे उत्तरही इथे आहे. जिल्ह्यातल्या नद्या पूर्वेकडून पश्चिमेला जातात, त्यांच्या खोऱ्यांना वेगळे करणाऱ्या सोंडाही त्याच दिशेने जातात, आणि रस्ता मात्र उत्तरेकडून दक्षिणेला जायचा. त्याला प्रत्येक सोंड आडवी येणारच. कोकण रेल्वेनेही याच कारणाने डोंगर पोखरले. रत्नागिरीजवळचा करबुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटरचा आहे आणि त्याच परिसरातला पानवल नदीवरचा पूल 64 मीटर उंच आहे. एका ठिकाणी डोंगराच्या पोटातून आणि लगेच पुढे दरीच्या डोक्यावरून जावे लागावे, असा हा मुलूख. रेल्वेमार्गाची बारीक रेषा नकाशावर कोरलेली असून बोगद्यांच्या जागी ती तुटक केली आहे. हे काम फार विचारपूर्वक झाले आहे.

आता ज्या जागेशी मुले सर्वांत जास्त वेळ रेंगाळतात, त्या जागेविषयी. दाभोळच्या खाडीच्या मुखावर बोट ठेवावे आणि सर्वांत खालच्या थरावरून, कुठलीही काळी कड न ओलांडता, आत सरकत जावे. दोन्ही बाजूंना शंभर-दोनशे मीटरचे थर उभे राहतात, पण बोटाखालची वाट सपाटच राहते. अशी ती जवळजवळ अठरा सेंटिमीटर आत जाते आणि थेट चिपळूणला पोहोचते. समुद्रापासून इतक्या आत असलेले शहर समुद्रालगतच्याच थरावर बसले आहे. तिथून पुढे घाटमाथा आठ-नऊ सेंटिमीटरवर आहे आणि तेवढ्या अंतरात सगळे थर एकदम उभे राहतात. 22 जुलै 2021 रोजी चिपळूण बुडाले, तेव्हा पाणी एवढे का चढले याची चर्चा महिनोन्महिने झाली. तिच्यातले सगळे मुद्दे लाकडाचा नकाशा सांगू शकत नाही, पण मूळ भूरचना तो स्पष्ट सांगतो. घाटमाथ्यावर कोसळलेला पाऊस थोड्या अंतरात प्रचंड वेगाने खाली येतो आणि नेमका शहरापाशी उतार संपतो. तिथून पुढे पाण्याला वाहून जायला उतारच उरत नाही, आणि त्याच वेळी खाडीतून भरती आली तर मुखही अडते.

असाच सपाट थराचा चिंचोळा फाटा जगबुडी नदीने खेडपर्यंत नेलेला दिसतो, शास्त्रीने संगमेश्वराकडे आणि अर्जुनेने राजापूरकडे. हा फाटा जिथे संपतो तिथे एक जुनी बाजारपेठ उभी असते. गलबते भरतीबरोबर जिथपर्यंत येऊ शकत तिथे माल उतरायचा आणि बैलांच्या पाठीवर लादून घाट चढायचा. घाटवाटा, खाडी आणि पेठ यांचा हा मेळ पुस्तकात वाचलेला होता, पण सबंध जिल्ह्यात एका नजरेत दिसला तो या नकाशावरच. आणि याच पेठा दर पावसाळ्यात पुराच्या बातम्यांत असतात, हेही तिथेच दिसते.

उन्हाळ्यांच्या म्हणजे गरम पाण्याच्या झऱ्यांच्या जागी तांब्याचे बारीक खिळे ठोकलेले आहेत. उन्हवरे, आरवली, तुरळ, राजवाडी आणि राजापूरजवळचे उन्हाळे हे खिळे पाहिले, तर ते साधारण उत्तर-दक्षिण ओळीत, सह्याद्रीच्या पायथ्याला धरून आहेत असे लक्षात येते. खोल भेगांतून खाली मुरलेले पाणी पृथ्वीच्या पोटातल्या उष्णतेने तापून वर येते, जवळपास जिवंत ज्वालामुखी असल्यामुळे नव्हे, असे पुस्तिकेने स्वच्छ सांगितले आहे. हा गैरसमज आपल्याकडे फार पसरलेला असल्याने हे एक वाक्यही मोलाचे आहे.

इतके चांगले असूनही हा नकाशा अपुरा आहे. सह्याद्रीवर जेवढे लक्ष दिले आहे तेवढे खुद्द कोकणावर दिलेले नाही, आणि माझी मुख्य तक्रार हीच आहे. रत्नागिरी जिल्ह्याचे खास भूरूप कोणते असे विचारले तर त्याचे उत्तर कडा हे नाही, सडा हे आहे. किनाऱ्यालगत आणि खाड्यांच्या दोन्ही अंगांना जांभ्याची, म्हणजे तांबड्या सच्छिद्र खडकाची, सपाट माथ्याची पठारे पसरलेली आहेत; त्यांनाच सडा म्हणतात. वर उघडा कातळ, कडेला एकदम उतरण आणि त्या उतरणीच्या पायथ्याला झरा, वाडी, पोफळी, भाताचे मळे, असे गावांमागून गावांचे रूप आहे. पण किनाऱ्याजवळचे अनेक सडे शंभर मीटरच्या आतबाहेर उंचीचे असतात. या नकाशात शून्य ते शंभर मीटर हा सगळा एकच थर असल्याने खाजण म्हणजे खाडीकाठची दलदल, पुळण म्हणजे किनाऱ्याची वाळू, भातशेती आणि तिच्यावर सत्तर-ऐंशी मीटर उंच उभा असलेला सडा हे सगळे एकाच सपाट फळीवर येते. ज्या गावात समुद्रावरून सड्यावर जायला पाऊण तास धाप लागेपर्यंत पायऱ्यांची पाखाडी चढावी लागते, ते गाव नकाशावर मैदान दिसते. हिरव्या रंगाच्या छापील नकाशाची चूक लाकडात पुन्हा झाली, असे खेदाने म्हणावे लागते.

हे टाळता येण्यासारखे होते. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या एकास पन्नास हजार प्रमाणाच्या नकाशांवर समोच्च रेषा वीस मीटरच्या अंतराने असतात, म्हणजे माहिती उपलब्ध आहे. प्रत्येक वीस मीटरला वेगळा थर लावणे अवघड आणि महाग, हे मान्य. पण सर्वांत खालच्या दोन थरांवर वीस मीटरच्या रेषा लेझरने नुसत्या कोरल्या असत्या तरी सड्याचा सपाट माथा आणि त्याची तुटलेली कड डोळ्यांना दिसली असती. जमल्यास उघड्या कातळाचा भाग तांबूस रंगाने दाखवावा. देवीहसोळ, कशेळी, बारसू, उक्षी इथली कातळशिल्पे याच सड्यांवर कोरलेली आहेत आणि कोकणातल्या कातळशिल्पांचा समावेश 2022 मध्ये युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत झाला आहे. ती कुठल्या भूमीवर आहेत हे दाखवायला या नकाशाइतके योग्य साधन दुसरे नव्हते.

पुस्तिकेतही जांभ्याला अर्धेच पान मिळाले आहे आणि त्यातही तो ज्वालामुखीतून निघालेला दगड असे लिहिले आहे. हे दुरुस्त झालेच पाहिजे. जांभा लाव्ह्यातून थेट तयार होत नाही. उष्ण आणि दमट हवेत मूळ खडक दीर्घकाळ कुजत जातो, त्यातली सिलिका पावसाच्या पाण्याबरोबर वाहून जाते आणि लोह व ॲल्युमिनियमची ऑक्साइडे मागे राहतात. त्यांचा जो सच्छिद्र, तांबडा खडक बनतो तो जांभा. खाणीतून नुकता काढलेला चिरा तुलनेने मऊ असतो आणि वाऱ्या-उन्हात राहिला की कठीण होतो, हे आपल्याकडच्या कुठल्याही गवंड्याला माहीत असते. हाच खडक सच्छिद्र असल्यामुळे सड्यावर पडलेले पाणी खाली झिरपते, तळच्या चिकणमातीपाशी अडते आणि कडेला झऱ्याच्या रूपाने बाहेर येते. उन्हाळ्यात सडा कोरडा ठणठणीत आणि त्याच्या पायथ्याची विहीर मात्र भरलेली, असे का असते हे त्यावरून उलगडते. चिरेखाणींनी सडा खणून काढला की खालच्या झऱ्यांचे काय होते, हा प्रश्न आज गावोगावी विचारला जातो. त्या प्रश्नाला हात घालायला पुस्तिकेत जागा हवी होती.

बांधणीविषयी थोडे. कोकणच्या पावसाळ्यात लाकडी वस्तू टिकवणे कठीण असते. जुलैअखेरीस कोयना खोऱ्याजवळच्या तीन थरांच्या कडा किंचित उचलल्या आणि मागच्या बाजूला बुरशीचा पांढरा थर आला. पुढच्या बाजूला पॉलिश नीट केलेले आहे, मागची बाजू मात्र कोरी आहे आणि दमट भिंतीतली ओल तिथूनच आत गेली असावी. कार्यशाळेला कळवले, तेव्हा त्यांनी नम्रपणे उत्तर दिले आणि चिकटवण्याचे साहित्य पाठवले, पण हे काम ग्राहकाला करावे लागू नये. घेणाऱ्याने आतल्या कोरड्या भिंतीवर, मागे दोन पट्ट्या ठोकून हवा खेळेल अशा बेताने नकाशा टांगावा आणि त्याआधी मागून पॉलिशचे दोन हात जरूर द्यावेत. नावांची अक्षरे कोरीव असून वाचायला स्वच्छ आहेत. मोठ्या नद्यांची नावे सगळी आहेत, पण बाव नदीचे आणि राजापूरच्या कोदवलीचे नाव राहून गेले आहे.

शाळा, ग्रामपंचायती, वाचनालये आणि पर्यटकांना परिसर समजावून सांगणारे घरगुती निवासाचे चालक यांनी हा नकाशा घ्यावा असे मी सांगेन. घाटमाथा, पाणलोट, खोरी आणि खाड्या यांच्यासाठी मराठीत याहून चांगले साधन माझ्या पाहण्यात नाही. ज्यांना मुख्यतः किनारा आणि सडे शिकवायचे आहेत, त्यांनी मात्र सोबत आपल्या गावाचा वीस मीटर समोच्च रेषांचा नकाशा ठेवावा आणि सड्यांच्या कडा तळच्या थरावर पेन्सिलीने स्वतः काढाव्यात. आमच्या नववीच्या वर्गाने आपल्या गावापुरते हे केले आहे आणि ते काम नकाशाइतकेच उपयोगी ठरले.

कार्यशाळा आता सिंधुदुर्गाचा नकाशा करायला घेणार आहे असे कळते. तिथे प्रश्न आणखी वाढणार आहेत. देवगड-मालवणच्या बाजूला जांभ्याचे सडे आहेतच, पण दक्षिणेकडे बेसाल्टचे आवरण संपत जाते आणि त्याच्याखालचे फार जुने खडक उघडे पडतात, त्यामुळे नुसत्या उंचीच्या थरांनी तो जिल्हा समजणार नाही. खडकांच्या जातींसाठी वेगळे रंग, तळच्या दोन थरांवर वीस मीटरच्या रेषा आणि उभ्या प्रमाणाची नोंद नकाशाच्या दर्शनी बाजूवर, एवढ्या तीन गोष्टी त्यांनी केल्या, तर तो नकाशाही मी शाळेसाठी मागवीन, फक्त या वेळी दिवाळीनंतर, हवा कोरडी झाल्यावर.